मूल बोलत नसेल तर आधी कान तपासा

वासराने दोन वेळा तोंड लावलं नाही तर आपण जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. पण घरातलं दोन वर्षांचं पोर एक शब्द बोलत नसेल तर म्हणतो, "बोलेल की! त्याचा बापही उशिराच बोलला होता." कोणी वेखंड उगाळून जिभेला लावतो, कोणी नवस बोलतो. यात वर्ष निघून जातं, आणि तेच वर्ष सर्वांत मोलाचं असतं.

पेरणीला वाफसा लागतो, तसंच भाषेचं आहे. पहिल्या तीन वर्षांत मूल जे ऐकतं, त्यावर त्याचं बोलणं उभं राहतं. वाफसा गेल्यावर पेरलं तरी उगवतं, पण कष्ट जास्त आणि उतारा कमी.

केव्हा सावध व्हावं?

सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवतं. वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द येतो. दोन वर्षांचं मूल "दूध दे", "बाबा गेले" असे शब्द जोडतं. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्यालाही बरंचसं कळतं. थोडं मागेपुढे चालतं. पण वर्षाचं होऊनही हाकेला वळत नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, दोन वर्षांत शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्दही बंद झाले, तर थांबू नका.

ताट वाजवून कळत नाही

जे ऐकू येत नाही, ते मूल बोलणार कसं? ताट वाजवल्यावर पोरगं वळलं म्हणजे कान चांगला, असं समजू नका. ताटाचा आवाज मोठा असतो. बोलण्यातले बारीक आवाज त्याला येत असतीलच असं नाही. कान वारंवार फुटत असेल तरी कमी ऐकू येतं. कानात गरम तेल किंवा लसणाचा रस घालू नका. कान चांगला निघाला, तरी स्वमग्नता किंवा बौद्धिक वाढीचा प्रश्न यांसारखी दुसरी कारणं असू शकतात. ती डॉक्टरांनाच शोधू द्या.

घरात काय करावं?

यासाठी पैसा लागत नाही. भाकरी थापताना, गोठ्यात शेण काढताना पोराशी बोला. ते "बै गेला" म्हणालं तर हसू नका. "हो, बैल रानात गेला" असं म्हणा. प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघा. घरात अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू, जी बोली असेल तीच बोला. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मुकं होत नाही. हातात मोबाईल देऊन मात्र गप्प बसवू नका. मोबाईल नुसता बोलतो, पोराचं ऐकून घेत नाही.

सोय आहे, पोहोचायला हवं

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी करतं. अडचण दिसली तर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण त्यालाही वयाची अट आहे. पाच वर्षं उलटल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविकांनी इथे लक्ष घालावं. पथक गावात येतं तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची पोरं फडावर असतात आणि तपासणीतून सुटतात. कुटुंबं टोळीबरोबर निघण्याआधी पाच वर्षांखालच्या पोरांची यादी करा आणि पथकाला आधीच कळवा. तपासणीची तारीख दवंडी देऊन सांगा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गरीब आईबापाला जिल्ह्याला जाण्यासाठी त्यातून मदत करता येईल का, हे मासिक सभेत विचारा.

आणि आईबापांनो, उद्याच एक करा. पोराच्या मागे उभे राहून, त्याला दिसणार नाही असं, हळू आवाजात नाव घ्या. दोन-तीनदा घेऊनही वळलं नाही तर आशाताईंना गाठा. वळलं, पण बोलणं वयाच्या मानाने मागे आहे, तरीही गाठा. तपासणीत काही निघालं नाही तर एक दिवसाची मजुरी बुडेल, एवढंच.