रंग सुकताना आत काय घडतं?

लग्नसराई जवळ आली की दारं-खिडक्या, लोखंडी फाटक, धान्याची पत्र्याची कोठी यांवर ऑइलपेंटचा हात फिरतो. चार दिवस सगळं कसं चकाकतं! पण एक पावसाळा सरला की कडांवर तांबडा गंज डोकावू लागतो. आपण दुकानदाराला बोल लावतो. खरं कारण बहुधा वेगळंच असतं.

ब्रश उचलला तरी रंग थांबत नाही. त्यातलं टर्पेंटाइन उडून जाईपर्यंत ओला रंग आतल्या आत वाहतच असतो.

चहाचा थेंब फरशीवर सुकू द्या. मध्ये फिकट आणि कडेला गडद कडं उमटेल. कडेचं पाणी लवकर उडतं, ती उणीव भरायला मधलं पाणी तिकडे धावतं आणि बारीक कणही सोबत नेतं. कॉफीच्या डागावरून हे कोडं १९९७ साली शिकागोच्या शास्त्रज्ञांनी उलगडलं.

पत्र्याच्या धारेवर मात्र उलटं घडतं. पाण्याचा थेंब ज्या ताणामुळे गोल होतो, तोच ताण ओल्या रंगाला धारेवरून दोन्ही अंगांना ओढतो. धारेवर उरतो नुसता पापुद्रा. गंजाला तेवढी वाट पुरते.

ओघळांचंही तसंच. उभ्या दारावर थर दुप्पट जाड झाला, तर खाली वाहणारा रंग साधारण आठपट होतो! शिवाय जाड थराची वरची साय आधी धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि सुरकुत्या पडतात. भर उन्हात रंगवलं तर ब्रशच्या रेघा सपाट व्हायच्या आतच रंग आळतो आणि रेघा तशाच राहतात.

तेव्हा रंगवताना एवढं कराच :

● गंज आणि धूळ घासून, पुसून काढा. टोकदार धार कानशीने किंचित गोल करा.

● आधी अस्तराचा रंग द्या. प्रत्येक वेळी कडा, कोपरे अन् खिळ्यांची डोकी आधी रंगवा, मग बाकीचा भाग.

● एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. पहिला हात पुरता वाळल्यावरच दुसरा द्या.

● काम सावलीत करा. पातळ करायला डब्यावर सांगितलेलंच द्रव्य, सांगितलं तेवढंच घाला.

कडा सांभाळली की कोठी सांभाळली, अन् कोठीबरोबर आतलं वर्षाचं धान्यही!