जुन्या मोटारीचें वंगण

घराण्यांतील जुनीं भांडीं किंवा जुने ग्रंथ आपण ज्या जिव्हाळ्यानें जपतों, त्याच जिव्हाळ्यानें वडिलांच्या वेळची मोटार जपणारीं घरेंही आपल्याकडे आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० चा जो नमुना तयार होऊं लागला, तोच पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें ओळखला गेला. इ. स. २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईंतील पद्मिनी टॅक्सींनींही ऑक्टोबर २०२३ मध्यें निरोप घेतला. तरी खासगी मालकांजवळ अशा गाड्या अद्याप आहेत, आणि पावसाळा सरला कीं त्यांपैकीं कांहीं कर्जत-खोपोलीकडे सहलीसही निघतात. त्यांच्या मालकांस भेडसावणाऱ्या गोष्टी दोन : काळें पडलेलें वंगण आणि त्याचा घटलेला दाब. या दोहोंचा संबंध नीट न समजल्यामुळें पुष्कळदां रोग एक आणि औषध भलतेंच, असा प्रकार होतो.

वंगण काळें दिसलें म्हणजे तें वाया गेलें, असें नव्हे. हल्लींच्या तेलांत मळ धरून ठेवणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. तेल काळें होतें तें बहुधा इंजिनांतील काजळी त्यानें आपल्या पोटांत घेतली म्हणून. खरी भीति वेगळ्याच खुणांची. मोजपट्टीवर दुधाळ चहासारखा फेस दिसला, तर तेलांत पाणी शिरलें आहे. पेट्रोलचा वास येऊन पातळी आपोआप वाढली, तर पेट्रोल-पंपाचा पडदा फाटला असण्याचा संभव आहे. आणि बोटांवर चमकदार कण लागले, तर आंतील धातु झिजत आहे.

आतां दाबाविषयीं. पंप तेल ढकलतो. बेअरिंगांच्या अरुंद फटींतून जातांना त्यास जो अडथळा होतो, त्यांतून दाब उत्पन्न होतो. झिजेनें फटी रुंदावल्या, पंपाचीं चाकें झिजलीं, तळाची जाळी गाळानें बुजली किंवा तेलच कमी पडलें, कीं दाब उतरतो. शिवाय तापलेलें तूप जसें पाण्यासारखें पातळ होतें, तसेंच तेलही. म्हणून सकाळीं थंड इंजिनावर दिसणारा दाब खरा मानूं नये. गाडी तापल्यावर, वेगळें दाबमापक लावून तो पहावा. इंजिनाच्या दर १००० फेऱ्यांस दर चौरस इंचावर सुमारें १० पौंड, हा स्थूल आडाखा मेकॅनिक मंडळी वापरतात.

या दाबाची खरी कसोटी बोरघाटांत लागते. आगगाडीस चढण चढण्यासाठीं कर्जतला मागून जादा इंजिनें जोडतात, आणि उतरणाऱ्या अनेक गाड्यांस ठाकुरवाडीसारख्या ठिकाणीं ब्रेकच्या खात्रीसाठीं थांबावें लागतें. मोटारीस असा सोबती नाहीं आणि अशी सक्तीही नाहीं. खालच्या गिअरमध्यें इंजिन जोरानें फिरतें, गाडीचा वेग थोडा म्हणून वाराही थोडाच लागतो, आणि चढावावर वा वळणावर तेल एका बाजूस सरतें. तेव्हां पातळी आधींच कमी असेल, तर पंपाच्या तोंडाशीं तेलाऐवजीं हवा येते. यासाठीं खोपोलीसच सपाट जागीं गाडी थांबवून, कांहीं मिनिटांनीं मोजपट्टी पहावी.

घाटांत लाल दिवा लागला, तर "खंडाळा तर आलाच" असें म्हणून पुढें जाऊं नये. सुरक्षित जागा गांठून इंजिन तत्काळ बंद करावें. पातळी कमी असल्यास तेल भरावें. पुरी असूनही दिवा विझत नसेल, तर गाडी ओढूनच न्यावी. दिव्याचें बटण बिघडल्यानेंही असें होतें. परंतु तें ठरेपर्यंत दिव्यावरच विश्वास ठेवावा. एका टोइंगचा खर्च आणि क्रँकशाफ्टची दुरुस्ती यांची बरोबरी होणार नाहीं.

रस्त्यावरचे दोन उपाय मात्र टाळावे. रॉकेल घालून इंजिन धुण्यानें सुटलेला गाळ एकदम जाळींत अडकतो आणि आंत उरलेलें रॉकेल नवें तेलही पातळ करतें. तळाचें भांडें उतरवून जाळी साफ करावी आणि पुढील दोन-तीन वेळां तेल लौकर बदलावें, हें उत्तम. दुसरा उपाय वाजवीपेक्षां दाट तेल घालण्याचा. त्यानें कांटा वर चढतो खरा, पण झीज भरून येत नाहीं. उलट थंड इंजिनांत तें तेल वरच्या भागांस उशिरां पोंचतें. थर्मामीटर झटकल्यानें ताप उतरत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

जुनें तेल ओढ्यांत ओतूं नये, हेंही सांगावयास हवें. याच परिसरांतून उल्हास आणि पाताळगंगा वाहतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलें तेल घातक टाकाऊ पदार्थांत मोडतें. तें डब्यांत भरून गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाईल, असें पहावें.

जुन्या मोटारीची सेवा म्हणजे तिचा रंग उजळणें नव्हे. दर प्रवासापूर्वीं मोजपट्टी पुसून पाहण्यास दोन मिनिटें लागतात. घरांतील कोणीही, मुलाबाळांनींसुद्धां, मोठ्यांच्या देखरेखीखालीं तें शिकावें. वडिलांची गाडी नातवंडांस चालवावयास मिळावी अशी इच्छा असेल, तर आरंभ येथूनच केला पाहिजे.