तबकडीवरील चित्रांची नवी प्रत

विद्येचे क्षेत्र म्हणून काशीला जी कीर्ती लाभली, तिच्या मुळाशी पंडितांची प्रज्ञा जितकी होती, तितकेच नकला करणाऱ्या लेखनिकांचे परिश्रमही होते. भूर्जपत्र झिजते, ताडपत्र ठिसूळ होते, कागदाला कसर लागते. पोथी जीर्ण होण्यापूर्वी तिची नवी प्रत तयार झाली, तर ग्रंथ वाचतो. नाही झाली, तर तो काळाच्या उदरात गडप होतो. सतराव्या शतकात गोदातीराहून काशीस आलेल्या कवींद्राचार्य सरस्वतींचा ग्रंथसंग्रह त्या काळी विख्यात होता. शाहजहानकडे रदबदली करून काशी-प्रयागच्या यात्रेवरील कर उठवून घेणारे ते हेच कवींद्राचार्य. त्यांच्या मागे तो संग्रह विखुरला. उरली ती दोन हजारांहून अधिक ग्रंथांच्या नावांची एक सूची. ती १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. त्या सूचीतल्या ज्या ग्रंथांच्या नकला अन्यत्र झाल्या होत्या, ते आज वाचावयास मिळतात. ज्यांच्या झाल्या नाहीत, त्यांचे केवळ नाव शिल्लक आहे.

पोथ्यांचा हा न्याय आजच्या घरातील एका अगदी निराळ्या वस्तूलाही लागू पडतो. ती वस्तू म्हणजे डीव्हीडी. केदारघाट आणि दशाश्वमेध यांच्या दरम्यान राजा घाट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पेशवे घराण्यातील अमृतरावांनी तो दगडात बांधून काढला, म्हणून अमृतराव घाट असेही त्याचे जुने नाव आहे. अशा घाटांमुळे आणि क्षेत्राच्या ओढीने काशीत मराठी माणसांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या मराठी घरात चित्रपटांच्या, नाटकांच्या आणि कीर्तनांच्या तबकड्यांना करमणुकीपलीकडचे मोल असते. घरातील मुलांच्या कानांवर हिंदीचा आणि भोजपुरीचा वर्षाव होत असताना शुद्ध मराठी बोलणे ऐकविण्याचे ते एक साधन होते. त्यांच्याच शेजारी, त्याच पेटीत, घरातल्या मुंजी-लग्नांच्या तबकड्याही असतात. परंतु नव्या दूरचित्रवाणी संचासोबत तबकडी लावण्याचे यंत्र येत नाही, आणि नव्या संगणकांतूनही तिची खाच नाहीशी झाली आहे. चित्र शाबूत आहे आणि पाहण्याची वाट मात्र बंद होत आहे, अशी ही अवस्था आहे. तबकडीवरील चित्र फाईलीच्या रूपाने उतरवून घेणे, हा तिच्यावरील उपाय होय.

हा उपाय नीट समजावयाचा, तर तबकडीची रचना प्रथम पाहिली पाहिजे. १९९६ साली जपानमध्ये विक्रीस आलेली ही तबकडी १२ सेंटीमीटर व्यासाची आणि केवळ १.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्या पोटात एक चकचकीत थर असतो आणि त्यावर आतून बाहेर जाणारी एक सर्पिल वाट कोरलेली असते. या वाटेच्या दोन वेढ्यांमधील अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ही वाट उलगडून सरळ केली, तर ती सुमारे बारा किलोमीटर भरेल. असीपासून आदिकेशवापर्यंत सारे घाट चालून जावे आणि परत यावे, जवळजवळ तेवढी! या वाटेवरील सूक्ष्म खळग्यांवरून तांबडा लेसर किरण फिरतो. खळगा आणि सपाट भाग यांवरून तो निरनिराळ्या रीतीने परावर्तित होतो, आणि त्या फरकातून शून्य व एक या अंकांची माळ वाचली जाते. चित्र, आवाज, अक्षरे, सारे काही या दोन अंकांतच साठविलेले असते.

एका थराच्या तबकडीवर ४.७ अब्ज बाइट आणि दोन थरांच्या तबकडीवर ८.५ अब्ज बाइट मावतात. हे आकडे मोठे वाटतात. तरी चित्र जसेच्या तसे साठवू गेल्यास एका थरावर जेमतेम पाच मिनिटांचे दृश्य मावेल. म्हणून त्याचा संक्षेप करावा लागतो. एका चित्रातून पुढच्या चित्रात जेवढे बदलते, मुख्यतः तेवढेच नोंदवावयाचे आणि डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारकावे गाळावयाचे, हे या संक्षेपाचे सूत्र. डीव्हीडीवर त्यासाठी एमपेग-२ ही पद्धती वापरतात. पुढे आलेल्या एच.२६४ या पद्धतीने तेच चित्र बऱ्याच कमी जागेत बसविता येते.

येथेच संग्राहकापुढे दोन मार्ग उभे राहतात. तबकडीवरील अंकांची माळ काडीचाही फेरफार न करता नव्या वेष्टनात ठेवावयाची, हा पहिला मार्ग. एमकेव्ही नावाची फाईल हे असेच एक वेष्टन असून तिच्यात चित्र, अनेक भाषांतील आवाज, उपशीर्षके आणि प्रकरणांच्या खुणा एकत्र राहतात. मेकएमकेव्हीसारखी आज्ञावली हेच काम करते. एमपेग-२ चे चित्र उलगडून त्याचा नव्या पद्धतीने पुन्हा संक्षेप करावयाचा, हा दुसरा मार्ग. त्यासाठी हँडब्रेक ही विनामूल्य आज्ञावली प्रसिद्ध आहे. दुसऱ्या मार्गाने जागा वाचते, परंतु एकदा गाळलेल्या चित्रातून आणखी काही गळते, आणि जे गळाले ते पुन्हा कधीही परत येत नाही.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी असे नोंदवीत की, समोरची प्रत जशी दिसली तशी उतरली आहे; शुद्ध-अशुद्धाचा दोष लिहिणाराकडे लावू नये. ही केवळ सबब नव्हती. आपल्या बुद्धीने मूळ पाठ सुधारू न जाण्याची ती शिस्त होती. मूळ प्रत म्हणून जी फाईल ठेवावयाची, ती याच शिस्तीने केलेली असावी. दोन थरांच्या शंभर तबकड्या काठोकाठ भरलेल्या धरल्या, तरी ८५० गिगाबाइट होतात, म्हणजे एक टेराबाइटच्या एकाच हार्ड डिस्कवर त्या मावतात. जागेच्या काटकसरीसाठी चित्राचा बळी देण्याचे कारण त्यामुळे आता उरलेले नाही. संक्षिप्त प्रत हवी असल्यास ती मूळ प्रतीवरून केव्हाही करता येते.

प्रत्यक्ष काम सोपे आहे, पण ते क्रमाने झाले पाहिजे. प्रथम साऱ्या तबकड्यांची सूची करावी: नाव, वर्ष, कालावधी आणि तबकडीची स्थिती. नंतर प्रत्येक तबकडी मऊ, स्वच्छ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोलाकार पुसल्याने पडणारा ओरखडा वाटेच्या दिशेनेच जातो आणि वाचनात अधिक अडथळा आणतो. संगणकाला तबकडीची खाच नसेल, तर यूएसबी तारेने जोडावयाचे वेगळे यंत्र मिळते. एखादी तबकडी एका यंत्रावर अडखळली, तर दुसऱ्या यंत्रावर ती अनेकदा सुरळीत वाचली जाते. म्हणून पहिल्या अपयशाने ती टाकून देऊ नये. फाईल तयार झाली की आरंभ, मध्य आणि शेवट पाहून ती तपासावी, आणि चित्रपटाचे नाव व वर्ष तिच्या नावातच घालावे. नाव नसलेली फाईल म्हणजे पहिले आणि शेवटचे पान हरवलेली पोथीच.

त्यानंतर प्रश्न उरतो दूरचित्रवाणीवर पाहण्याचा. सर्वांत साधी रीत म्हणजे फाईल पेन ड्राइव्हवर वा हार्ड डिस्कवर घालून ती संचाच्या मागे खोचणे. येथे दोन अडचणी येतात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असेल, तर त्यावर चार गिगाबाइटहून मोठी फाईल बसतच नाही. तो एक्सफॅट पद्धतीने आखून घेतला की ही अडचण दूर होते, मात्र संचाला ती पद्धती वाचता आली पाहिजे. शिवाय काही संचांना एमपेग-२ किंवा तबकडीवरील आवाजाची पद्धती उलगडता येत नाही. तेथे संक्षिप्त प्रत उपयोगी पडते. संग्रह मोठा असेल, तर घरातील एका संगणकावर जेलीफिन किंवा प्लेक्ससारखी आज्ञावली बसवावी. मग घरातल्या जाळ्यावरून कोणत्याही खोलीतील संचावर नावांची यादी दिसते आणि निवडलेले चित्र सुरू होते.

चित्र पडद्यावर उमटल्यावर काही वैगुण्ये नजरेस येतात. त्यांची कारणे ठाऊक असली म्हणजे फाईलच बिघडली असा गैरसमज होत नाही. भारतातील जुन्या दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीत ५७६ दृश्य रेषा असत आणि त्या एकाआड एक अशा दोन खेपांत काढल्या जात. असे चित्र आजच्या सपाट पडद्यावर हलत्या वस्तूंच्या कडांना फणीच्या दात्यांसारखे दिसते; दोन्ही खेपांची सांगड घालण्याची सोय चालू केली की ते दाते जातात. जुन्या चित्रपटांची चौकट चौकोनीकडे झुकणारी, चारास तीन या प्रमाणाची असते. ती ताणून रुंद पडदा भरल्यास संतांच्या मूर्ती बुटक्या व स्थूल दिसू लागतात. त्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या पत्करणे बरे. आवाजाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, तर पाल पद्धती २५ चित्रांची. त्यामुळे पाल तबकडीवर दोन तासांचा चित्रपट सुमारे ११५ मिनिटांतच संपतो आणि दुरुस्ती केलेली नसेल, तर अभंगाची पट्टीही किंचित वर चढते. जाणत्या कानाला गायकाचा स्वर वेगळा भासला, तर त्याचे मूळ बहुधा येथे असते.

कायद्याचा विचारही टाळता येण्याजोगा नाही. विकत मिळणाऱ्या बहुसंख्य तबकड्यांवर सांकेतिक कुलूप असते. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा असून, २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण भेदणे हा दंडनीय अपराध ठरविला आहे. वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला त्याच कायद्यात स्थान आहे. आपल्या मालकीच्या तबकडीची प्रत आपल्याच घरी पाहणे आणि ती इतरांना वाटणे वा विकणे यांत जे अंतर आहे, ते संग्राहकाने कधीही विसरू नये. चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ या हिशेबाने केव्हाच सर्वांचा झाला आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: आधी कोणती तबकडी घ्यावयाची? साहजिकच हात आवडत्या चित्रपटाकडे जातो. वस्तुतः क्रम उलटा असला पाहिजे. कारखान्यात छापलेल्या तबकडीवर खळगे ठशाने उमटविलेले असतात आणि तिच्या हजारो प्रती जगात असतात. घरगुती समारंभाची तबकडी तशी नसते. तिच्यात सेंद्रिय रंगाचा एक थर असून, लेखन करणाऱ्या लेसरने तो जागोजागी भाजून खुणा केलेल्या असतात. प्रकाश, उष्णता आणि ओल यांनी हा रंग बदलतो व खुणा अस्पष्ट होतात. काशीचा ज्येष्ठातील ताप आणि श्रावण-भाद्रपदातील गंगेकाठची दमट हवा या रंगाला मुळीच मानवणारी नाही. १९७८ च्या सप्टेंबरात येथे गंगेची पातळी ७३.९ मीटरवर, धोक्याच्या रेषेहून अडीच मीटरहून अधिक वर गेली होती. असा पूर गल्लीत शिरला, तर तळघरातील पेटीचे काय होईल हे सांगावयास नको.

म्हणूनच एक प्रत पुरेशी नाही, आणि दोन्ही प्रती एकाच घरात असून भागत नाही. याचा मोठा दाखला काशीशीच निगडित आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ चित्रपटाचा मोठा भाग येथील घाटांवर चित्रित झाला. त्याची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळली. पुढे इटलीतील बोलोन्या येथील तज्ज्ञांनी तिचे वाचलेले तुकडे मोठ्या कष्टाने पुन्हा मऊ करून वापरात आणले. परंतु जे भाग गेले होते, ते इतर संग्रहालयांत जपलेल्या प्रतींवरूनच भरून काढावे लागले. २०१५ साली हा चित्रपट पुन्हा उजळ रूपात पडद्यावर आला. दुसरीकडे प्रती नसत्या, तर ते घाट, ती कबुतरे आणि सर्वजयेचे ते मुख अपुरेच राहिले असते.

घरगुती तबकडीला असे कोणतेही संग्रहालय नसते. एखाद्या मुंजीच्या चित्रणात मातृभोजनाला बसलेला बटू, मंगलाष्टके म्हणणारे वृद्ध गुरुजी, ओवी गुणगुणणारी पणजी आणि तिचे ते विशिष्ट वळणाचे काशीतले मराठी बोल असतात. त्यांतली कित्येक माणसे आज हयात नसतील, आणि त्यांचा आवाज त्या एका तबकडीखेरीज अन्यत्र कोठेही नसेल. तो उतरवून घ्यावयास अर्धा तास पुरतो. एक प्रत घरात, दुसरी पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या आप्ताकडे ठेवावी. दरवर्षी एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात. आणि काही वर्षांनी त्या हार्ड डिस्काही म्हाताऱ्या झाल्या, की त्यांवरून नव्या प्रती कराव्यात. नकला करणाऱ्याचे काम एका पिढीत संपत नसते. काशीत ते कधीच संपले नाही, म्हणून तर तिथली विद्या टिकली.