रात्री दोनची भूक

ऑगस्टमध्ये मुंबईहून शिकागोला शिकायला गेलेला मुलगा रात्री २ वाजता टक्क जागा असतो, भूकही लागते. तेव्हा इथे दुपारचे साडेबारा झालेले असतात. हा आजार नव्हे. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते, त्यामुळे आठवडा-दहा दिवस जातात. दिवसा उजेडात फिरावे. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची पुरे. (आईनेही तिथल्या मध्यरात्री फोन करू नये!) मात्र फिटच्या गोळ्या चालू असतील तर जपावे. जागरण आणि चुकलेला डोस, दोन्हींनी फिट येऊ शकते. गोळ्यांच्या नव्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर थकवा समजू नये. रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागला, तर लगेच ९११.