चोवीस डावांचा अनिर्णित सामना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

युरोपातील युद्ध थांबले होते, परंतु जपानशी चाललेला संग्राम अद्याप संपावयाचा होता, अशा काळात, 21 जुलै 1945 रोजी, फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर डेट्रॉइट टायगर्स आणि फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स या अमेरिकन लीगमधील बेसबॉल संघांत जो सामना झाला, तो नेमलेल्या नऊ डावांत न संपता चोवीस डावांपर्यंत लांबला आणि 4 तास 48 मिनिटांच्या झुंजीनंतरही 1-1 असा बरोबरीतच राहिला. या सामन्याविषयी काही चुकीच्या समजुती रूढ आहेत. त्यांची छाननी व्हावयास हवी.

गैरसमज : युद्धकालीन फलंदाज सुमार होते, म्हणून धावा झाल्या नाहीत.
वस्तुस्थिती : शेकडो नामांकित खेळाडू सैन्यात दाखल झाल्यामुळे खेळाचा सर्वसाधारण दर्जा खालावला होता, हे निर्विवाद आहे. तथापि त्या दिवशी फलंदाजीच्या दहाही संधींत निष्फळ ठरलेला अॅथलेटिक्सचा जॉर्ज केल हा पुढे 1949 साली, टेड विल्यम्ससारख्या धुरंधराला मागे टाकून, अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीत अव्वल ठरला, आणि 1983 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेम या सन्मानदालनात त्याचा समावेश झाला. अशा फलंदाजालाही ज्याने बव्हंशी रोखून धरले, तो डेट्रॉइटचा पिचर लेस म्यूलर एकोणीस डाव संपवून विसाव्यातही दोन गडी बाद होईपर्यंत एकट्याने चेंडू टाकीत राहिला. हे श्रेय प्रतिपक्षाच्या दौर्बल्याच्या नावे जमा करणे अन्यायाचे आहे.

गैरसमज : रबराच्या टंचाईमुळे चेंडूच निर्जीव झाला होता.
वस्तुस्थिती : ही हकीकत खरी, पण ती 1943 च्या हंगामारंभीची. आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या कबजात गेल्यामुळे चेंडूत बलाटा नावाचा पर्यायी चीक वापरण्यात आला आणि धावसंख्या एकाएकी घटली. मात्र तक्रारी होताच काही आठवड्यांतच तो चेंडू बदलण्यात आला.

गैरसमज : मैदानावर दिवे नव्हते, किंवा युद्धामुळे ते लावण्यास मनाई होती.
वस्तुस्थिती : अमेरिकन लीगमधील पहिला रात्रीचा सामना 1939 साली याच शाइब पार्कवर झाला होता, शिवाय दिवसा राबणाऱ्या कामगारांना खेळ पाहता यावा म्हणून रात्रीचे सामने वाढवावेत, अशी इच्छा खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी 1942 च्या पत्रात व्यक्त केली होती. अडचण होती ती नियमाची : दिवसाउजेडी सुरू झालेला सामना दिवे लावून पुढे चालविण्याची तेव्हा मुभा नव्हती, म्हणून अंधार दाटताच पंच बिल समर्स यांनी खेळ थांबविला.

गैरसमज : हा सर्वांत लांबलेला सामना होता.
वस्तुस्थिती : 1 मे 1920 रोजी ब्रुकलिन आणि बोस्टन यांच्यातील सामना 26 डाव चालला होता, तोही 1-1 असाच सुटला.

गैरसमज : अनिर्णित सामना म्हणजे व्यर्थ श्रम.
वस्तुस्थिती : गुणतक्त्यात तो जमेस धरला गेला नाही, हे खरे, परंतु प्रत्येक खेळाडूची वैयक्तिक कामगिरी दप्तरी दाखल झाली. त्याहून महत्त्वाचे असे की, लीगच्या तळाशी राहिलेल्या अॅथलेटिक्सने ज्यांना चोवीस डाव अडवून धरले, त्याच टायगर्सनी त्या वर्षी वर्ल्ड सिरीज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली.

धावांची संख्या अल्प असली म्हणजे खेळही क्षुद्र असतो, असे नव्हे. एका संपूर्ण कालखंडावर हिणकसपणाचा सरसकट शिक्का मारण्यापूर्वी त्यातील प्रत्येक सामन्याचा पुरावा स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. कारण संकटकाळात ज्यांनी हा खेळ जिवंत ठेवला, त्यांचा न्याय्य हिशेब मांडणे हे क्रीडेतिहासाचे कर्तव्यच आहे.