चार्जिंगचा लाल दिवा आणि रात्रीची ऊस वाहतूक



ऊस विकास अधिकारी बेणे-खताचे सोडून ट्रॅक्टरच्या दिव्यावर कुठे घसरला, असे आपणास वाटेल. कारण सांगतो. मागच्या हंगामात रात्री गट ऑफिसहून परतताना माझी मोटारसायकल उसाने भरलेल्या ट्रॉलीवर आदळता आदळता वाचली. ट्रॉलीला मागे एकही दिवा नव्हता. ड्रायव्हरला विचारले तर म्हणतो कसा, "साहेब, लाल दिवा दोन दिवस झाले पेटतोय, पण ट्रॅक्टर चालतोय की!"

घोटाळा इथेच आहे. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. चार्जिंग बंद पडले की बॅटरी उतरते आणि थोड्या वेळाने गाडीच उभी राहते. साध्या डिझेल पंपाचा ट्रॅक्टर मात्र एकदा सुरू झाला की चालतच राहतो. फक्त दिवे मंदावत जातात, आणि मागचा दिवा कधी गेला हे पुढे बसलेल्याला कळतही नाही.

चावी फिरवली की हा दिवा पेटलाच पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर विझलाच पाहिजे. चावी देऊनही दिवा लागत नसेल तर "बरे झाले" म्हणू नका. बहुतेक अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच मिळतो. बल्ब उडाला तर चार्जिंग सुरूच न होण्याचा संभव असतो.

चालू इंजिनावर दिवा राहिला तर आधी इंजिन बंद करून फॅन बेल्ट पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा, जास्त नको. बेल्ट गुळगुळीत होऊन चकाकत असेल तर तो घसरतो. तुटलेला असेल आणि त्यावरच पाण्याचा पंप असेल, तर ट्रॅक्टर जागचा हलवू नये, इंजिन तापेल. मग बॅटरीची टोके पाहा. त्यावर हिरवट-पांढरा थर असल्यास सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन घट्ट आवळा.

बेल्ट व टोके ठीक असतील तर मीटर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन जरा रेस केल्यावर आकडा 13.8 ते 14.5 पर्यंत चढला पाहिजे. जागचा हललाच नाही तर कार्बन, रेग्युलेटर किंवा डायोड. ते मिस्त्रीचे काम. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरीचे पाणी आटू लागेल.

एक जुनी खोड मात्र सोडा. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून 'चार्जिंग बघणे' डायनामोच्या काळात चालून गेले. अल्टरनेटरचे डायोड त्याने जळतात.

त्या रात्री ट्रॅक्टर रस्त्याखाली घ्यायला लावला. सकाळी पाहिले तर बेल्ट ढिला. दोन पाने लागले आणि पंधरा मिनिटे.