दोन सुरांमधली थरथर

बल्गेरियातल्या शोप प्रदेशातल्या, म्हणजे सोफिया शहराच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायका एकत्र गातात तेव्हा एकीने सूर धरला की दुसरी त्याच्या अगदी लगतचा सूर धरते. पेटीवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर जे टोचतं, तेच हे अंतर. पण त्यांच्या गळ्यांतून ते टोचत नाही, घणघणतं. त्या बायका स्वतः या आवाजाची तुलना घंटेशी करतात. शेतात, उघड्यावर, पलीकडच्या डोंगरापर्यंत पोचावं म्हणून गायलं जाणारं हे गाणं आहे. ते लाजत नाही आणि गोड होण्याची धडपडही करत नाही.

वर्षानुवर्षं मी याच गाण्याच्या प्रेमात आहे. फिलिप कुतेव या संगीतकाराने १९५१ साली गावोगावच्या गायिका निवडून एक सरकारी वृंद उभा केला आणि लोकगीतांना अनेक आवाजांत बांधलं. पाठोपाठ १९५२ मध्ये तिथल्या रेडिओचा स्त्रीवृंद उभा राहिला. मार्सेल सेलिए हे स्विस संग्राहक या मंडळींच्या गाण्याने झपाटले आणि १९७५ मध्ये त्यांनी ‘बल्गेरियन आवाजांचं गूढ’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने तबकडी काढली. ती फारशी कुणापर्यंत पोचली नाही. मग पीटर मर्फी या इंग्लिश रॉक गायकाने या गाण्यांची एक कॅसेट ‘फोर एडी’ या लंडनच्या छोट्या कंपनीच्या आयव्हो वॉट्स-रसेल यांना ऐकायला दिली. त्यांनी १९८६ मध्ये ती तबकडी पुन्हा काढली, पुढे दुसरा भाग आला आणि त्याला १९९० मध्ये ग्रॅमी मिळालं. रॉक ऐकणारी तरुण पोरं बल्गेरियन आजीबायांची गाणी ऐकू लागली, ती एका माणसाने दुसऱ्याला दिलेल्या कॅसेटमुळे. केट बुश या गायिकेलाही हे गाणं तिच्या भावाने ऐकवलं होतं. १९८९ च्या तिच्या तबकडीत ‘ट्रिओ बुल्गार्का’च्या तिघीजणी तिच्यासोबत गातात.

एखाद्या वृंदावर असं प्रेम बसलं की एक अडचण होते. कान तिथेच घर करतो. बाकीचं सगळं पातळ वाटायला लागतं. मी पाहिलेल्या बहुतेक वृंदप्रेमींचं असंच होतं. त्यांना दुसरा वृंद चालतो, पण वृंदाबाहेरचं संगीत परकं वाटतं. मला वाटतं, आपण नेमकं कशावर प्रेम करतो हे तपासलं तर ही कोंडी फुटते. मला पंचवीस बायका एकत्र उभ्या राहतात म्हणून ते गाणं आवडत नाही. मला दोन सुरांच्या मध्ये जे घडतं ते आवडतं. एक सूर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि दुसरा ४४४ चा असेल तर सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. अंतर वाढवत नेलं की हेलकावे मोजता येईनासे होतात, त्यांची खरखर होते. बल्गेरियन गळे या खरखरीला घाबरत नाहीत, तिच्यातच उभे राहतात. हे एकदा कळलं की ती थरथर भलत्याच ठिकाणी भेटायला लागते.

सगळ्यात आधी घरात, म्हणजे तंबोऱ्यात. मिरजेच्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेब सितारमेकरांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम सोडून वाद्यं घडवायला घेतली, तेव्हापासून पंढरपूरकडच्या भोपळ्यांचे तंबोरे तिथे होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या वाद्याचा जीव घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागात आहे. तार त्या उताराला हलकेच घासत कंप पावते, तिच्याखाली सुती दोरा सरकवून कारागीर जवारी जमवतो, आणि एकाच तारेतून आवाजांचा अख्खा थवा उठतो. जोडीतले दोन तंबोरे अगदी मिळाले की गाभ्यात जे फिरत राहतं तो मला वृंदच वाटतो. ख्यालगायनाला एकट्याचं गाणं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

त्या वृंदापुढे बसून गाणाऱ्या केसरबाई केरकर (१८९२ ते १९७७) गोव्याच्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांचा खुला, भरदार, कुठेही बारीक न होणारा आवाज बल्गेरियन वृंदावरून आलेल्या कानाला ताबडतोब ओळखीचा वाटतो. आणि या दोन वाटांची गाठ खरोखरच एका तबकडीवर पडली आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर पृथ्वीवरच्या संगीताचे २७ तुकडे आहेत. कार्ल सेगन, अ‍ॅन ड्रुयन, टिमोथी फेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडलेले. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाच्या शिफारशीवरून त्यात केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी गेली. त्याच तबकडीवर वाल्या बाल्कान्स्का ही बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरातली गायिका आहे. रोडोपीतलं गाणं शोपसारखं दोन सुरांचं नाही, तिथे एकटा गळा आणि मागे मशक या फुंकवाद्याचा न थांबणारा सूर. मशक म्हणजे त्यांचा तंबोराच. व्हॉयेजर २ ऑगस्टमध्ये गेलं, व्हॉयेजर १ सप्टेंबरच्या ५ तारखेला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आपल्या आवडीचं संगीत अनोळखी श्रोत्यापर्यंत पोचवण्याचा याहून मोठा प्रयत्न माणसाने केलेला नाही. त्यात बाखही आहे, जॉर्जियातल्या पुरुषांचं ‘चाक्रुलो’ हे समूहगान आहे आणि चक बेरीचं रॉक अँड रोलही आहे.

त्या तबकडीवर जावाचा गामेलान हा वाद्यमेळही आहे, पण थरथरीच्या शोधात मी वाचकांना शेजारच्या बालीत नेईन. तिथे वाद्यं जोडीने घडवतात, आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं ठेवतात. दोन्ही एकदम वाजली की काशाचा सूर लाटेसारखा हलतो. त्या लाटेला ते ओंबाक म्हणतात. जे आपण बेसूर समजून दुरुस्त केलं असतं ते तिथला कारागीर कष्टाने घडवतो. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात क्लोद देब्युसीने जावाचा गामेलान ऐकला आणि त्याची भुरळ त्याच्या पियानोच्या रचनांत पुढे दिसत राहिली. एस्टोनियाच्या आर्वो पेर्तकडेही घंटाच आहेत. बरीच वर्षं जवळजवळ गप्प राहून १९७६ मध्ये त्याने ‘फ्युअर अलिना’ हा छोटा पियानोतुकडा लिहिला, ज्यात एक आवाज सुरावटीवरून चालतो आणि दुसरा फक्त तीन सुरांच्या घरात फिरतो. इतकं थोडं लिहून इतकं उभं करणारा संगीतकार मला दुसरा माहीत नाही.

आता माणसांच्या जमावाकडे परत. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत आणि कारखान्यांत राबायला आलेल्या झुलू पुरुषांनी कामगार वसतिगृहांत जे गाणं घडवलं ते इसिकाथामिया. पावलं हलकी, आवाज दबके, खर्जातल्या आवाजांची भिंत आणि तिच्यावर एक नायक. शनिवारी रात्रभर चुरशीच्या स्पर्धा. हे वाचताना गिरणगावातल्या गाळ्यांत दाटीने राहणारे कोकणी कामगार आणि त्यांची भजनी मंडळं आठवल्याशिवाय राहत नाहीत. दोन बुवा समोरासमोर बसून रात्र जागवणारी कोकणची डबलबारी याच जातीची. घरापासून दूर पडलेल्या पुरुषांनी एकमेकांना आवाजाने धरून ठेवलं, इथेही आणि तिथेही.

लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो हा जोसेफ शाबालाला यांचा वृंद याच परंपरेतला. पॉल सायमनच्या १९८६ च्या ‘ग्रेसलँड’मुळे तो जगापुढे आला, आणि त्याही गोष्टीच्या मुळाशी सायमनला कुणीतरी ऐकायला दिलेली आफ्रिकी गाण्यांची कॅसेट आहे. वर्णभेदी राजवटीवरच्या सांस्कृतिक बहिष्काराच्या काळात तिथे जाऊन ध्वनिमुद्रण केल्याबद्दल सायमनवर कडक टीका झाली. ती टीका मला गैर वाटत नाही, आणि ती गाणी मी सोडूही शकत नाही. पण याच परंपरेतल्या सॉलोमन लिंडा या गायकाबद्दल असं दुमत नाही. १९३९ मध्ये त्याने ‘म्बुबे’ ध्वनिमुद्रित केलं, हक्क कवडीमोलाने गेले, पुढे त्यावर बेतलेलं इंग्रजी गाणं जगभर गाजलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत गेला. त्याच्या वारसांना तडजोडीने मोबदला मिळायला २००६ साल उजाडलं. मी कुणालाही ते गाणं ऐकवतो तेव्हा आधी लिंडाची तबकडी लावतो आणि त्याचं नाव सांगतो.

आपल्याकडे या सगळ्यात श्रीमंत जागा गोवा आहे, आणि मराठी वाचक तिच्याकडे पुरेसा वळत नाही याची मला मनापासून खंत आहे. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवत. चर्चच्या गायकवृंदात घडलेले तेच कान मांडो हे गोव्याचं गाणं गाताना घरच्या दिवाणखान्यात आले. मांडोत दोन आवाज एकमेकांपासून तिसऱ्या-सहाव्या सुराच्या अंतरावर चालतात, सोबत व्हायोलिन आणि घुमट. मातीच्या भांड्याला कातडं चढवलेल्या या घुमटाला गोवा सरकारने २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. शोपच्या बायकांसारखी इथे टक्कर नाही, इथे दोन आवाज हातात हात घालून हळूहळू नाचतात.

या शाळांतून निघालेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा करून भारतीय रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्याच वर्षी सलील चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर सुरू केला. कार्यकर्त्यांच्या समूहगीतांतून आलेल्या सलीलदांच्या चित्रपटगीतांत मागचे आवाज कधीच भरतीचे नसतात, त्यांना स्वतःची वाट असते.

वृंदाच्या प्रेमात अडकलेल्या मित्राला मी पहिल्यांदा शंकर-जयकिशनचं एखादं गाणं देतो, ज्याच्या वाद्यरचनेचं काम सेबॅस्टियन डिसोझांनी केलं आहे. एकदा गायकाला ऐक म्हणतो. दुसऱ्यांदा गायकाच्या मागे वाकून जाणारी, त्याच्या ओळीला दुसरीच ओळ जोडणारी व्हायोलिनं ऐक. त्यानंतर ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ चं ‘डार्क वॉज द नाइट’ लावतो. हेही व्हॉयेजरवर आहे, त्यात शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि त्याला सावलीसारखं चिकटून सरकणारी गिटार. मग एखादा पोवाडा, पण शाहिराकडे लक्ष न देता मागे झील धरणाऱ्यांकडे आणि तुणतुण्याकडे. एवढं झालं की केसरबाई. बहुतेक जण तंबोरे सुरू झाले की तिथेच थांबवायला सांगतात, आणि केसरबाईंनी तोंड उघडण्याआधीचे ते काही क्षण पुन्हा लावायला लावतात.